आमसुलाच्या पाण्यातली काडतुसं

"पंखा बंद कर, बिलकिस. आनि जरा दमानं श्वास घे."

बिलकिसनं पंखा बंद केला. सप्टेंबर संपत आला होता, तरी दोह्यात उन्हाळा काही हलायचं नाव घेत नव्हता. नजमा वस्तीच्या टोकाच्या त्या दोन खोल्यांत पंखा थांबला की भिंतींनाच घाम फुटतोय असं वाटे. पण जेवणाच्या टेबलावर मुनाफ परकारनं आपला छोटा तराजू मांडला होता, आणि त्या तराजूला वारा सोसत नसे. पंख्याचा तर नाहीच, पण कोणी दार जोरात लोटलं तरी त्याचा काटा थरथरायचा. एकदा बिलकिस शिंकली होती, तर मुनाफनं सगळी दारू परत डबीत ओतून पहिल्यापासून मापायला घेतली होती.

दारू म्हणजे बंदुकीची. मुनाफ काडतुसं भरत होता.

एरवी हा माणूस एका अरब व्यापाऱ्याच्या पेढीवर हेडक्लार्क होता. त्याआधी दुखानला तेल कंपनीत एका इंग्रज साहेबाच्या हाताखाली असताना त्याला हे वेड लागलं. साहेबाला शिकारीचा नाद होता आणि बाजारच्या काडतुसांवर त्याचा विश्वास नव्हता. उडालेल्या काडतुसाची पितळी नळी तो जपून ठेवी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवी, आत मोजून दारू भरी आणि वर गोळी दाबून बसवी. मायदेशी परतताना ते सगळं सामान त्यानं मुनाफला देऊन टाकलं. मुनाफनं आयुष्यात एक चिमणीही मारली नव्हती. घरी कोंबडी आणली तर ती हलाल होईपर्यंत तो गल्लीत फेऱ्या मारी. पण नेमकेपणा ही त्याची भूक होती. चहात साखर तो चमच्याच्या काठापर्यंत सपाट करून घाली. त्याला तो तराजू मिळाला तेव्हा हरवलेला भाऊ सापडल्यासारखा तो हरखला होता.

बिलकिसचा सगळा कारभार अंदाजाचा. भातात पाणी अंदाजानं, कालवणात मीठ अंदाजानं. आणि जेवण कधी बिघडत नसे, याचंच मुनाफला आतून जरा वाईट वाटे.

"ही काडतुसं नीट झाली ना, तर आपली रजा पक्की," तो काट्यावरची नजर न हलवता म्हणाला.

"खरंच देतील अरबाब?"

"जबान दिलीय."

हे ऐकून बिलकिसनं श्वास आणखी दमानं घ्यायला सुरुवात केली. कारण रजा तिच्यासाठीच हवी होती. दाभोळला तिच्या धाकट्या बहिणीचा, सिताराचा निकाह ठरला होता. आई गेल्यापासून सितारा बिलकिसच्याच मांडीवर वाढलेली. शेजारचे कासमभाई आणि ताहेरुन्निसाभाभी येत्या बोटीनं मुंबईला निघाले होते. त्याच बोटीनं आपणही जायचं, असं बिलकिसनं मनाशी ठरवून ट्रंक पलंगाखालून केव्हाच बाहेर ओढली होती. पण मुनाफनं रजा मागितली तेव्हा अरबाब म्हणजे पेढीचे मालक अबू राशिद यांनी हात झटकून "खलास!" म्हटलं होतं. मोसमात हेडक्लार्क गेला तर पेढी कोणी चालवायची?

अबू राशिद मात्र तेव्हा स्वतःच एका दुखण्यानं बेजार होते. आदल्या हिवाळ्यात सगळ्या गोतावळ्यासमोर त्यांनी एका हरणावर गोळी झाडली होती. हरीण जवळ होतं, उभं होतं, आणि झाडाचा पाला खात होतं. गोळी गेली ती भलतीकडेच. हरणानं मान वर करून पाहिलं, आणखी दोन घास घेतले आणि मग ते सावकाश निघून गेलं. हे सगळं त्यांचा मेव्हणा अबू माजिद प्रत्येक मजलिसीत अभिनय करून दाखवी. हरीण तो स्वतः होई, आणि ते दोन घास चघळताना लोक हसून हसून लोळत.

"काडतुसं वाईट होती," अबू राशिद सगळ्यांना सांगत. तरुणपणी मोत्यांच्या धंद्यासाठी ते मुंबईत राहिलेले, त्यामुळे मुनाफशी ते हिंदुस्थानी बोलत आणि राग आला की अरबी. मुनाफनं धीर करून त्यांना सांगितलं की प्रत्येक रायफलीची आपली एक आवड असते. तिला कमी दारू रुचते की जास्त, हे शोधून काढलं की सगळ्या गोळ्या एकाच जागी पडतात.

अबू राशिदनी त्याचा हातच धरला. "तू शोध. या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी मेव्हण्याशी निशाणाची पैज आहे. मी जिंकलो तर माग काय मागायचं ते."

मुनाफ कामाला लागला. त्यानं काडतुसांचे गट केले. प्रत्येक गटात दारू आधीच्यापेक्षा किंचित जास्त. गट ओळखू यावेत म्हणून प्रत्येक काडतुसाच्या बुडाला त्यानं घरात मिळाला तो रंग लावला. एका गटाला काजळ, एकाला मेंदी, एकाला नीळ, तर एकाला बिलकिसची नखं रंगवायची लाली. ठेवायला मसाल्याचा डबा बरा पडला. त्यातल्या वाट्यांतून हळद, तिखट आणि धणेपूड बाहेर आली आणि काडतुसं आत गेली.

पहिल्या शुक्रवारी तो एकटाच अरबाबांची रायफल घेऊन वाळवंटात गेला. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून त्यानं प्रत्येक गटातली थोडी थोडी काडतुसं उडवून पाहिली. मेंदीच्या गोळ्या फळीभर विखुरल्या. निळीच्या जरा जवळ आल्या. आणि काजळाच्या सगळ्या गोळ्या इतक्या चिकटून पडल्या की त्यांवर त्यानं मुंबईहून आणलेला रुपया ठेवला, तर एकही भोक बाहेर डोकावेना. त्या भर उन्हात मुनाफ एकटाच नाचला.

घरी येऊन त्यानं उरलेली सगळी दारू काजळाच्या मापानं भरून टाकली. डबी रिकामी झाली. नवी दारू यायला पुढची बोट. पण आता चिंता नव्हती. काजळाची वाटी भरली होती.

गुरुवारी तो पेढीवरून घरी आला तेव्हा बिलकिस दारातच हसत उभी होती.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

मुनाफनं डोळे मिटले. तिनं त्याला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं आणि उघडायला सांगितलं. चटईवर पांढरा कपडा पसरला होता आणि त्यावर सगळी काडतुसं ओळीनं उन्हात झोपली होती. सोन्यासारखी चकाकत होती.

"कशी दिसतात?"

मुनाफ एकेका ओळीवरून नजर फिरवू लागला.

"तुमीच बोल्ला ना, पितळ आमसुलांनी साफ होतो. रिकाम्या नल्या नाय का धुतल्या आपन? मग मी म्हटला, अरबाबांच्या हातात जायची, आनि बुडाला ही कसली काली-लाल घान! आमसुलांच्या पान्यात भिजवली, मस्त घासली, उनात टाकली."

"सगली?" मुनाफनं कसंबसं विचारलं.

"सगली. एकाच घमेल्यात."

मुनाफ चटईपाशी वाकला. त्यानं एक काडतूस उचललं, बूड पाहिलं. दुसरं उचललं. ना काजळ, ना मेंदी, ना नीळ. सगळी सख्ख्या बहिणींसारखी सारखी.

"बिलकिस, ती घान नव्हती. तो गट होता."

मग त्यानं तिला सगळं समजावलं. बिलकिसचा चेहरा उतरत उतरत गेला. शेवटी तिनं पदरानं डोळे टिपले. "म्हंजे सितारा..."

"आनि भिजलीत," मुनाफ स्वतःशीच म्हणाला. "टोपीतून आत पानी गेला असेल तर उडनारपन नाय. काही उडतील, काही नाय. कुठली, ते अल्लालाच ठाव."

"उन चांगला होता हो," बिलकिस म्हणाली. तेवढाच तिला आधार.

मुनाफनं तराजूवर काडतुसं तोलून पाहिली. पण पितळी नळ्यांचंच वजन कमीजास्त, त्यात दारूचा फरक कसा कळायचा? त्या संध्याकाळी त्यानं पंखा चालू ठेवला. आता बंद ठेवायला कारण उरलं नव्हतं.

शुक्रवारी नमाजानंतर जीपगाड्या शहराबाहेर निघाल्या. एका सपाट जागी गालिचे पसरले, कॉफीच्या सुरया आल्या, आणि दूरवर काळं वर्तुळ काढलेली एक पांढरी फळी उभी राहिली. पाच पाच गोळ्या. ज्याच्या जास्त वर्तुळात, तो जिंकला. जे काडतूस उडणार नाही ते धरायचं नाही. हा नियम ऐकून मुनाफनं मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले.

अबू राशिदनी काडतुसांची डबी उघडली, आतला झगमगाट पाहिला आणि ती डबी सगळ्यांसमोरून फिरवली. "बघा! माझ्या माणसानं हातानं बनवली आहेत. एकेक मोजून. सोनार काय मोजील!"

मुनाफनं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आधी मेव्हण्याची पाळी. अबू माजिदनं विलायती खोक्यातली काडतुसं भरली आणि हसत हसत पाच गोळ्या झाडल्या. तीन वर्तुळात, दोन बाहेर. "यल्ला," तो गालिच्यावर बसत म्हणाला, "आता हरणाला बोलवा."

अबू राशिदनी रायफल खांद्याला लावली. धाड! फळीच्या बऱ्याच अलीकडे वाळूचा फवारा उडाला. गालिच्यावर खसखस पिकली. मेंदी असणार ही, मुनाफ मनात म्हणाला.

दुसरं काडतूस भरलं. अबू राशिदनी नेम धरला, चाप ओढला.

टक.

एवढाच आवाज झाला. काडतूस उडालंच नाही. पण अबू राशिद मात्र उडाले. त्यांचे डोळे गच्च मिटले, खांदा पुढे आला, आणि रायफलीच्या नळीनं जमिनीला वाकून मुजरा केला. धडाका व्हायच्या आधीच धडाक्याला घाबरून त्यांचं सगळं अंग दचकलं होतं. एरवी हे सगळं आवाजात आणि धुरात झाकून जाई. आज आवाजच नव्हता, त्यामुळे सगळ्या गोतावळ्यानं ते नीट, शांतपणे पाहिलं.

मग अबू माजिद म्हणाला, "वल्लाह, काडतुसांचा काय दोष! हा तर डोळे मिटून मारतो!" आणि त्याला असं हसू कोसळलं की त्याच्या हातातली कॉफी त्याच्याच मांडीवर सांडली.

अबू राशिदांचा चेहरा जांभळा झाला. त्यांनी मान वळवून मुनाफकडे पाहिलं. मुनाफनं सितारा, बिलकिस, बोट आणि नोकरी या सगळ्यांचा एकदमच निरोप घेतला.

पण पैज अर्धी सोडायची रीत नव्हती. अबू राशिदनी न उडालेलं काडतूस फेकलं आणि दुसरं भरलं. आता एक गंमत झाली. हेही उडेल की नाही, याचा त्यांना भरवसा राहिला नाही. कदाचित धाड, कदाचित टक. पुन्हा टक झालं आणि पुन्हा आपण मुजरा केला, तर मेव्हणा जन्मभर तोच अभिनय करणार. त्यांनी दात आवळले, डोळे सताड उघडे ठेवले आणि अगदी हळू, अविश्वासानं चाप ओढला.

धाड! फळीपाशी बसलेल्या माणसानं फडकं हलवलं. वर्तुळात.

पुढचं, टक. पण नळी जागची हलली नाही. अबू माजिदचं हसू अर्ध्यात थांबलं.

पुढचं, धाड! वर्तुळात. पुढचं, पुन्हा वर्तुळात. मग एक टक. ते ऐकून अबू राशिद स्वतःच हसले आणि हसतच शेवटचं झाडलं. तेही वर्तुळात.

चार! गालिच्यावर एकच गलका झाला. म्हातारे उठून अबू राशिदांच्या नाकाला नाक लावून अभिनंदन करू लागले. अबू माजिद ओल्या मांडीवर रुमाल धरून फळीकडे पाहत राहिला. आणि मुनाफ फळीकडे धावला. भोकं वर्तुळात होती खरी, पण एक वर, एक खाली, एक काठाला. काजळ, नीळ, लाली, मेंदी, सगळी आली असणार. त्यानं चिमटीचिमटीनं दारू वाढवत जो फरक शोधून काढला होता, तो मालकाच्या खांद्याच्या दचकण्यापुढे काहीच नव्हता. मुनाफला हसावं की रडावं कळेना.

परतताना अबू राशिदनी त्याला आपल्या जीपमध्ये शेजारी बसवलं.

"खरं सांग. ती न उडणारी तू मुद्दाम मिसळलीस ना?"

मुनाफ गडबडला. 'हो' म्हणावं तर खोटं. 'बायकोनं धुतली' म्हणावं तर अब्रू जाते.

"माझं एक... मदतनीस आहे, अरबाब," तो म्हणाला. "ते काम त्याचं."

"हकीम आहे तो! वल्लाह, हकीम! माझं दुखणं मलाच माहीत नव्हतं, आणि त्यानं औषध दिलं. मला यापुढे अशीच काडतुसं पाहिजेत. कुठलं उडेल, कुठलं नाही, मला कळता कामा नये."

"आणि माझी रजा, अरबाब?"

"दिली! जा खुशाल, दोन महिने राहा." अबू राशिदनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "फक्त त्या मदतनिसाला इथंच ठेव. शिकारीचा मोसम येतोय."

मुनाफनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बिलकिस ट्रंकेवर गुडघा रोवून झाकण दाबत होती. ती तशीच राहिली.

"म्हंजे माझ्या बहिनीच्या निकाहला तुमी जानार, आनि मी हितं काडतुसं धुनार?"

"मी तसं नाय बोल्लो. अरबाब बोल्ले."

"आनि तुमी ऐकून आलाव?"

"मग काय सांगू? माझी बायको घमेल्यात काडतुसं घासते म्हनून?"

"कोंबडीला घाबरून गल्लीत फिरता ते सांगत नाय ना मी कोनाला? मग माझा काम सांगायला तुमाला कसली लाज?"

बिलकिसनं ट्रंकेवरचा गुडघा काढला आणि तांदूळ वाटायला घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं सांदणं केली, पांढरीशुभ्र, मऊ, आणि ताटावर रुमाल टाकून ती ताहेरुन्निसाभाभींना घेऊन अबू राशिदांच्या घरी गेली. जनानखान्यात त्यांची बायको उम्म राशिद होती. तीही मुंबईत राहिलेली, तिला हिंदुस्थानी चांगलं येई. बिलकिसनं तिला सितारापासून घमेल्यापर्यंत सगळं सांगितलं. उम्म राशिदनं पहिलं सांदण संपेपर्यंत गंभीरपणे ऐकलं. मग घमेल्याचा भाग आला आणि ती उशीवर आडवी होऊन हसली. तिला दोन्हीकडून मजा होती. एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ.

"तू जाशील," डोळे पुसत ती म्हणाली. "माझी जबान."

रविवारी अबू राशिदनी मुनाफला आत बोलावलं. ते जपमाळ ओढत होते आणि मुनाफच्या नजरेला नजर देत नव्हते.

"तुझ्या मदतनिसाची बहीण लग्न करतेय म्हणे."

"हो, अरबाब," मुनाफ कानापर्यंत लाल झाला.

"मला सांगायचं नाही? माझ्या घरात कालपासून मला कोणी जेवायला वाढलं नाही." त्यांनी जपमाळ मुठीत धरली. "तिला जाऊ दे. बोटीत चांगली जागा मिळेल, मी बोललोय. बहिणीला माझा आहेरही ने म्हणावं."

"शुक्रन, अरबाब! आम्ही दोघंही तुमचे..."

"दोघं?" अबू राशिदनी आता त्याच्याकडे पाहिलं. "दोघं गेलात तर काडतुसं कोण बनवणार? दुसऱ्याला ते जमायचं नाही. एक जाईल, एक राहील. इन्शाल्ला, ती परत येईपर्यंत तू शिकून घे."

बोटीच्या दिवशी मुनाफ धक्क्यावर गेला. मोठी बोट खोल पाण्यात उभी होती आणि माणसांना लाँचमधून तिच्याकडे नेत होते. कासमभाई, ताहेरुन्निसाभाभी आणि ट्रंक आधीच लाँचमध्ये पोचले होते. बिलकिस नवा बुरखा सावरत उतरली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता, आणि मुनाफकडे पाहिलं की तेवढ्यापुरता तो उदास करायची तिची धडपड चालली होती.

"जेवन येलेवर करा," ती म्हणाली. "आनि आमसुलांची बरनी वरच्या फळीवर हाय."

"सिताराला दुआ सांग," मुनाफ म्हणाला.

लाँच सुटली. धक्क्यापासून ती थोडी दूर गेली असेल, तेवढ्यात बिलकिस एकदम उठून उभी राहिली आणि हात हलवून ओरडू लागली.

"अवो! पान्यात दोन मुठी आमसुलं टाका! लय वेल भिजवू नका, नायतर एकपन उडनार नाय!"

मुनाफ धक्क्याच्या अगदी कडेला आला. "लय वेल म्हंजे किती?"

"काय?"

"किती वेल? आनि मूठ कोनाची? तुझी का माझी? वजन सांग, बिलकिस, वजन!"

इंजिनाच्या आवाजात तिला अर्धंच ऐकू आलं. तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"अंदाजानं!" ती ओरडली. "अंदाजानं करा!"

लाँच वळली. मुनाफनं उजवा हात डोळ्यांसमोर धरला, मूठ मिटली, जरा सैल केली, आणि पुन्हा मिटून पाहिली.